सोलरसाठी ग्रामसभेचा ठराव लागतो? नाही

‘घरावर सोलर बसवायचं तर आधी ग्रामसभेचा ठराव घ्या, नाहीतर नेट मीटर मिळणार नाही’ असा मेसेज रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. (नेट मीटर म्हणजे ग्रिडमधून घेतलेली आणि सोलरमधून ग्रिडला दिलेली, अशी दोन्हीकडची वीज मोजणारा मीटर.)

घराच्या छपरावरच्या सोलरला मंजुरी देते ती महावितरण. ‘पीएम सूर्यघर’ या केंद्राच्या सोलर अनुदान योजनेचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून भरायचा. २०२४ च्या नियमबदलानंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची (तिथली वीजव्यवस्था सोलर पेलेल का, याची) तपासणीही लागत नाही. अनुदान २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा जास्त असेल तर ७८ हजार.

मग पंचायत मध्ये आली कुठून? माझा अंदाज असा: आपल्याकडे निम्मी लाइट बिलं अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, नातू मुंबईत. अर्ज बिलावरच्या नावानेच होतो, म्हणून आधी नाव बदलायचं. त्यासाठी मालकीचा पुरावा, म्हणजे बहुतेकदा नमुना ८ चा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा, उतारा. तो मात्र पंचायतीकडून मिळतो. उतारा म्हणजे ठराव नव्हे.

सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) मोठ्या सोलर प्रकल्पांत जमिनीचे प्रश्न येतात, पण ती गोष्ट वेगळी. तुमच्या कौलांशी तिचा संबंध नाही.