‘पुस्तकी विद्वान’ या शेऱ्याला उत्तर

श्री. धंतोलीकर, सप्रेम नमस्कार.

‘रीसेंट्समधून ॲप्स झटकल्याने बॅटरी वाचत नाही’ (रीसेंट्स म्हणजे अँड्रॉइड फोनवरील, अलीकडे उघडलेल्या ॲप्सची यादी) या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, की ‘हे घरी बसून लेख पाडणाऱ्या पुस्तकी विद्वानांचे बोलणे आहे’. आपले म्हणणे असे, की आपण रोज रात्री ‘क्लिअर ऑल’ करून सगळी ॲप्स एकदम झटकता आणि त्यामुळेच आपली बॅटरी टिकते. नागपूरच्या उन्हाचा मी विचार केलेला नाही, असेही आपण म्हणता. आणि लेखातील चित्रे एकाच कंपनीच्या फोनची आहेत. चित्रांबाबतचा आक्षेप मला मान्य आहे, इतर फोनांतील मेनू वेगळे असतात. मतभेदाचेही स्वागतच आहे. परंतु ज्याला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्याविषयी ‘लेख पाडणारे’ असे लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबायला हरकत नव्हती.

आता ‘पुस्तकी’विषयी. औषधांच्या ऑर्डरी घेणाऱ्या प्रतिनिधींच्या ॲपचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. ही मंडळी ऐन मे महिन्यात हिंगणा, बुटीबोरी, कामठी असे फिरत आणि संध्याकाळी, ऑर्डरी पोहोचल्याच नाहीत, म्हणून माझ्या टेबलापाशी उभी राहत. मी त्यांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडून ‘डम्पसिस बॅटरीस्टॅट्स’ या आज्ञेने, कशाने किती बॅटरी खाल्ली याचा अहवाल काढत असे. त्यात बॅटरी खाणारे म्हणून स्क्रीन, मोबाइल नेटवर्क आणि लोकेशन यांचीच नावे वर असत. ज्या ॲप्सना हे सद्गृहस्थ दिवसभर झटकत, ती पार तळाशी. ऑर्डरी अडकण्याचे कारणही बहुधा हे झटकणेच असे, कारण काही कंपन्यांच्या फोनांवर ते ‘फोर्स स्टॉप’सारखे, म्हणजे ॲप सक्तीने पूर्ण बंद केल्यासारखे, वागते आणि ॲपने पुढे लावून ठेवलेली कामे, ते ॲप पुन्हा हाताने उघडेपर्यंत होतच नाहीत. हे मी कोणत्या पुस्तकात वाचले, ते आपणच सांगावे.

मुळात बॅटरीची राखण अँड्रॉइड प्रणाली स्वतःच करते. तिच्या 2015 च्या मार्शमेलो या आवृत्तीमध्ये ‘डोझ’ ही सोय आली, ज्यात चार्जिंगला न लावलेला फोन स्क्रीन बंद ठेवून स्थिर पडला, की ॲप्सचे नेटवर्क आणि कामे रोखली जातात व अधूनमधून थोडा वेळ मोकळी सोडली जातात. 2017 च्या ओरिओने पार्श्वभूमीतल्या सर्व्हिसेसवर आणि लोकेशनवर मर्यादा घातल्या. 2018 च्या पायने, आपण एखादे ॲप किती वापरता ते पाहून त्याला कमीअधिक मोकळीक द्यायला सुरुवात केली. ॲपची कामे पुढे लावून ठेवणाऱ्या वर्कमॅनेजर या साधनाने नियमित काम लावायचे म्हटले, तरी 15 मिनिटांपेक्षा कमी अंतर मिळत नाही. अशा निद्रिस्त ॲपला झटकून बॅटरी वाचवणे म्हणजे बंद कूलरचा प्लग काढून वीजबिल कमी झाल्याचे समाधान मानणे होय. उलट, सकाळी तेच ॲप नव्याने उभे करताना प्रोसेसरला अधिक राबावे लागते.

उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते, हे खरे. पण ‘क्लिअर ऑल’ने ऊन कमी होत नाही, म्हणून तो मुद्दा येथे गैरलागू आहे.

राहिला आपला स्वतःचा अनुभव. सेटिंग्जमधील ‘बॅटरी वापर’ उघडून सर्वांत वर कोणते नाव आहे, ते कृपया कळवावे. नेव्हिगेशनचे किंवा लोकेशन सतत मागणारे एखादे ॲप असेल, तर त्या एकाची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ अशी करावी. उरलेल्यांच्या मागे रोज रात्री लागण्याची गरज नाही.