‘क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडनी ठणठणीत’ या दाव्याचा प्रतिवाद

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना उद्देशून एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, रक्ततपासणीत नॉर्मल असेल, लघवी भरपूर होत असेल आणि पायांवर सूज नसेल, तर किडनीला काही झालेले नाही. लघवीची वेगळी तपासणी हा नसता खर्च आहे. आणि किडनी बिघडते ती रक्तदाबाच्या गोळ्यांनी, असे त्यात म्हटले आहे. यावर विश्वास ठेवून माणसे तपासणी टाळतात आणि गोळ्याही सोडतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला भाग वाटते.

पहिला मुद्दा क्रिएटिनिनचा. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्यांतील काही निकामी झाल्या की उरलेल्या त्यांचे काम अंगावर घेतात. त्यामुळे गाळण्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल मर्यादेत राहू शकते. शिवाय ते स्नायूंतून तयार होत असल्याने वय आणि अंगकाठी पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. क्रिएटिनिन १.१ असलेला पुरुष तीस वर्षांचा असेल, तर २०२१ च्या सूत्रानुसार त्याचा ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, सुमारे ९३ येतो, तेच १.१ सत्तर वर्षांच्या स्त्रीचे असेल, तर ईजीएफआर अवघा ५४ च्या आसपास भरतो. हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा दीर्घकालीन आजार ठरतो.

लघवी भरपूर होण्याने काहीच सिद्ध होत नाही. किडनीची लघवी दाट करण्याची ताकद कमी झाली की उलट रात्री वारंवार उठावे लागते. सूज तर बहुधा बरीच उशिरा येते.

लघवीची तपासणी अनावश्यक आहे, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. वाढलेल्या दाबाचा मार गाळणीतल्या केशवाहिन्यांवर बसला की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते, आणि ही गळती अनेकदा ईजीएफआर घसरण्याआधीच सुरू झालेली असते. साध्या पट्टीच्या तपासणीत थोडी गळती निसटते; ती पकडण्यासाठी अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, म्हणजे एसीआर, काढावे लागते. ते ३० मिलीग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असावे. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचा छोटासा नमुना पुरतो, उपाशी राहावे लागत नाही. मात्र ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी किंवा नुकताच केलेला जोरदार व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरून न जाता पुढच्या तीन महिन्यांत तपासणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी.

गोळ्यांवरच्या आरोपात सत्याचा एक अंश आहे. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारखी औषधे गाळणीतला दाब उतरवतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे चढू शकते. ही वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल, तर सहसा औषध थांबवावे लागत नाही. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासले जाते. हीच औषधे अल्ब्युमिनची गळती कमी करतात आणि किडनीचा ऱ्हास लांबवतात. गोळ्यांचा संशय घ्यायचाच असेल, तर गुडघेदुखीसाठी स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनचा घ्यावा. त्यांनी रक्तदाबही वाढतो आणि किडनीचा रक्तपुरवठाही घटतो.