सफरचंदाचा लगदा का झाला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार.

दालचिनी घालून कढईत परतलेल्या गरम सफरचंदांच्या माझ्या कृतीवर तुम्ही परवा लिहिलंत, की सफरचंद हे कच्चं खायचं फळ, ते शिजवून सत्त्व घालवायचं कशाला? तुम्ही सांगितलंय तसंच केलं तर पंधरा मिनिटांत लगदा झाला, वर काळपट आणि कडसर. अर्धा किलो फळं वाया गेली. आणि नागपुरासारख्या संत्र्यांच्या गावात राहून हे चोचले हवेत कोणाला?

तुमचे पैसे गेले, संध्याकाळ गेली, आणि त्यातला बराच दोष माझ्या लिहिण्याचा आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळी होत नाही.

आधी लगद्याचं बोलते. मी 'तीन मध्यम सफरचंदं' एवढंच लिहिलं होतं. कोणती, ते लिहिलंच नाही. तांदूळ चिन्नोर घ्यायचा की आणखी कोणता हे न सांगता भाताची कृती द्यावी, तसं झालं ते. गोकुळपेठेत किंवा कॉटन मार्केटला जे गडद लाल, बुडाशी पाच उंचवटे असलेलं सफरचंद मिळतं, ते बहुतेक वेळा डेलिशिअस जातीचं असतं. फळवाले 'रॉयल' म्हणून देतात. कुलूच्या खोऱ्यात इंग्रजांनी आधी त्यांच्याकडच्या आंबट जाती लावल्या होत्या, पण आपल्या लोकांना त्या रुचल्या नाहीत. मग शिमल्याच्या वर कोटगढला स्थायिक झालेले अमेरिकन गृहस्थ सॅम्युएल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद झाले, त्यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतून डेलिशिअसची रोपं आणून लावली. गोड फळ जिंकलं आणि आंबट मागे पडलं. त्यामुळे आपल्या बाजारात आजही जे सहज हाताला लागतं ते कापून खायला छान, पण त्यात आंबटपणा कमी आणि आच लागली की ते लवकर बसतं. शिवाय पहाडातला हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आटोपतो. थंडी ऐन भरात आली की आपण विकत घेतो ते शीतगृहातलं फळ. ते आधीच जरा पिठूळ झालेलं असलं, तर कढईत त्याचं काय होणार?

हिरवं आंबट सफरचंद, ज्याला ग्रॅनी स्मिथ म्हणतात, ते फोड धरून ठेवतं. महाग असतं, म्हणून मी एक हिरवं आणि दोन लाल असं घेते. लाल निवडताना टिचकी मारून बघा. टणक वाजलं तर घ्या, भद्द वाजलं तर ते खीर-हलव्यासाठी ठेवा.

दुसरी चूकही माझीच. गूळ आणि लिंबू मी शेवटी घालायला सांगितलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचून पुन्हा दोन वेळा करून पाहिलं, एकदा तसं आणि एकदा उलट, तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला. आणि मग लक्षात आलं, की हे तर आपल्याला पुरणामुळे लहानपणापासून माहीत आहे! हरभऱ्याची डाळ बोटाने दाबून बघितल्याशिवाय आपण गूळ घालत नाही. घाई करून आधी घातला तर डाळ तशीच टचटचीत राहते, मग किती का शिजवा. आमटीत चिंचही डाळ शिजल्यावरच पडते. फळाच्या, डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं. आच लागली की ते विरघळतं आणि पदार्थ मऊ होतो. आंबट आणि गोड, दोन्ही त्या विरघळण्याला आवर घालतात. डाळीत आपण जे टाळतो तेच सफरचंदाच्या फोडीला हवं असतं. म्हणून गूळ-लिंबू आधी.

आता मी करते ते असं. अर्धा किलो सफरचंदं सालासकट घ्यायची, एकेकाच्या आठ जाड फोडी करायच्या. पातळ काप नकोत. वाडग्यात फोडी, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एकत्र करून पंधरा मिनिटं ठेवायचं. गूळ फोडींतलं पाणी ओढून घेतो आणि तळाशी तपकिरी रस जमतो. पसरट भांडं तापवून त्यात मोठा चमचाभर साजूक तूप, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनीची काडी आणि दोन लवंगा. लवंग फुगली की फोडी निथळून एका थरात मांडायच्या. इथे हात आवरायचा, सारखं ढवळायचं नाही. मध्यम आचेवर झाकण न ठेवता दोन-दोन मिनिटं एकेक बाजू. कडेला फोड काचेसारखी आरपार दिसू लागते, मधे मात्र पांढरीच असते. तेव्हा वाडग्यातला रस ओतून तीन मिनिटं झाकण. मग झाकण काढून रस आटू द्यायचा. आधी मोठे, पाण्यासारखे बुडबुडे येतात, मग ते लहान होतात, त्यांचा आवाजही जड होतो, आणि चमचा फिरवला की तळ क्षणभर उघडा राहतो. तिथे गॅस बंद. सुरीचं टोक फोडीत सहज जायला हवं, पण उचलली तर फोड अखंड उठायला हवी. वेलदोड्याची पूड गॅस बंद केल्यावर.

तुम्ही खोल कढईत झाकण ठेवून शिजवलं असणार, कारण मीच 'झाकण ठेवून दहा मिनिटं' लिहिलं होतं. फोडी एकावर एक, वाफ कोंडलेली, म्हणजे उकडणंच झालं ते.

कडसरपणा माझ्या मते दालचिनीच्या पुडीचा. पूड कडक तुपात पडली की क्षणात करपते. काडी सावकाश वास सोडते आणि शेवटी काढूनही टाकता येते. काडी घेताना जाड, एकाच सालीची, लाकडासारखी टणक मिळते ती बहुधा कॅसिया असते, चवीला तिखट. कागदासारख्या पातळ पदरांची गुंडाळी म्हणजे श्रीलंकेची दालचिनी, ती मऊ गोडसर. इतवारीत किराण्याच्या दुकानात दोन्ही मागून वास घेऊन बघा. गरम सफरचंदाला मला पातळ पदरांचीच आवडते.

सत्त्वाचं म्हणाल तर शिजवल्याने क जीवनसत्त्व कमी होतं, हे तुमचं बरोबर आहे. पण सफरचंदात ते मुळातच थोडं, शंभर ग्रॅमला साधारण पाच मिलिग्रॅम. त्यासाठी आपल्याकडे आवळा आहे, संत्रं आहे, पेरू आहे. तंतू शिजवूनही राहतात, म्हणून साल काढू नका म्हणते.

पण 'कच्चंच खावं' यावर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ही कृती मी सासूबाईंसाठी शिकले. त्यांच्या वरच्या दाढा काढल्या त्या थंडीत त्यांना काही चावता येत नव्हतं. सफरचंद त्यांच्या फार आवडीचं. किसून दिलं तर ते काळं पडायचं, आणि दोन घास घेऊन त्या वाटी बाजूला सारायच्या. 'लेकरांसारखं नको देऊ गं,' म्हणाल्या एकदा. मग एका संध्याकाळी तुपात दालचिनी पडली आणि आतल्या खोलीतून आवाज आला, 'काय वास येऊन राहिला गं!' त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसोबत ताटावर बसून, चमच्याने अख्खी अख्खी फोड तोडून खाल्ली. त्यांना फळ मोठ्या माणसासारखं खायला मिळालं. याला मी चोचले म्हणू शकत नाही, ताई. आणि फळ गोडात शिजवणं आपल्याला परकंही नाही. साखरांबा, मेथांबा, आवळ्याचा मुरंबा, सगळे त्याच वाटेवरचे.

संत्र्यावर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे. आंबिया बहाराची संत्री आली की आमच्याकडे टोपली रिकामी राहत नाही. पण संत्रं आचेवर टिकत नाही, रस उकळला की बिया आणि पांढऱ्या दोऱ्यांतला कडवटपणा वर येतो. म्हणून ते कच्चं खायचं, आणि त्याची फक्त साल या पदार्थात घालायची. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोललेली साल किसणीवर धरताच येत नाही. आधी संत्रं स्वच्छ धुऊन, न सोलता, वरचा केशरी थर तेवढा दोन-तीनदा किसणीवर फिरवा आणि गॅस बंद केल्यावर वेलदोड्यासोबत घाला. मग संत्रं सोलून खा.

मूळ कृतीत हे सगळे बदल आजच केले आहेत, वर तारखेसह तशी नोंदही टाकली आहे.

राहिला काळपट रंग. तो फक्त फोडी उघड्या राहिल्यामुळे आलेला वाटत नाही, तेवढ्याने तपकिरी येतो, काळा नाही. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो तसं सफरचंदाचंही होतं, त्यातला तुरटपणा लोखंडाशी भिडला की रंग जातो आणि धातूसारखी चवही येते. स्टीलच्या जाड बुडाच्या किंवा नॉनस्टिक पॅनमध्ये असं होत नाही. तुम्ही लोखंडी कढईत केलं होतं का, तेवढं कळवा. तसं असेल तर तीही सूचना कृतीत ठळक घालते.