आमच्या वाडीत राहतं कोण?

आमच्या वाडीत चौदा घरं. त्यातली नऊ बंद. कुलपांवर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. ती गणपतीच्या आदल्या दिवशी सुटते आणि गौरी-गणपती बोळवले की पुन्हा बांधली जाते. उरलेल्या पाच घरांत आम्ही अकरा माणसं. त्यात लहान मूल एकच, माझा तिसरीतला लेक.

देवगड तालुक्यातल्या माणसाला यात नवीन काही नाही. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात 8,68,825 माणसं होती, 2011 ला 8,49,651. अख्ख्या राज्याची लोकसंख्या वाढत होती तेव्हा आमची घटली. आमचे आजे मुंबईच्या गिरणीत गेले. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पण माणसं गावी परतली नाहीत, विरार-नालासोपाऱ्याला सरकली.

हे सगळं खरं. तरी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी "गाव ओस पडला" असं लिहिलं की मला राग येतो. गाव ओस कसा? आमच्या मागच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत, मांगरात म्हणजे बागेतल्या खोपटात, एक नेपाळी कुटुंब आठ वर्षं राहतंय. नवरा-बायको आणि दोन मुलं. बागांत राबणारे बरेचसे नेपाळी, आम्ही त्यांना गुरखे म्हणतो, आंबा संपला की पावसाळ्यात आपल्या देशाला जातात, हे मात्र इथेच असतात. मोहोर आला की फवारणी, मग राखण, मग काढणी, नंतर कलमांची साफसफाई. सकाळी त्यांची धाकटी मुलगी पत्र्याचा डबा बडवत आमच्या खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत, धावत येते आणि ओरडते, "काकी, वांदर इले!" हे शब्द तिला कोणी शिकवले नाहीत. माझ्या मुंबईच्या पुतण्यांना मालवणी समजते, पण बोलता येत नाही.

शाळेचा पट सात. त्यातली चार मुलं बागांतल्या मांगरांतली. ती उद्या गेली, तर तीन मुलांवर शाळा किती दिवस चालेल? माझ्या लेकाची शाळा त्या चौघांनी धरून ठेवलीय.

गेल्या जूनमध्ये रात्री सासूबाई खळ्यात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. धो धो पाऊस, गाडी डांबरी रस्त्यावरच थांबणार. खुर्चीला दोन वासे बांधून पाणंदीतून त्यांना वर नेलं ते माझ्या नवऱ्याने आणि त्या गुरख्याने. चाकरमानी दीरांचे फोन येत होते, त्यांचा जीवही तिकडे टांगणीला लागला होता. मी त्यांना दोष देत नाही. पण खांदा द्यायला जवळ कोण होतं, तेही विसरणार नाही.

म्हणूनच नळाची लाइन मांगरापर्यंत न्या, असं मी वाडीच्या बैठकीत सांगितलं. उत्तर मिळालं, "ती आपली माणसां न्हय." गणपती सोडले तर वर्षभर बंद असलेल्या घरांना नळ आहे आणि माणसं नांदतात तिथे नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. पुढच्या जनगणनेत 1 मार्च 2027 ची लोकसंख्या धरणार आहेत. तेव्हा ऐन आंब्याचा हंगाम असेल. दारोदार फिरणाऱ्या गुरुजींनी पाणंद उतरून मांगरापर्यंतही जावं. वाट दाखवायला मी येईन.

शिमग्याच्या गाऱ्हाण्यात मुंबईला गेलेल्या लेकरांची राखण कर म्हणून देवाला सांगतात आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. मी मनापासून म्हणते. यंदा त्याच गाऱ्हाण्यात मांगरातल्या चौघांसाठीही मागणं घाला, असं मी मानकऱ्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे.