खिशातल्या टॉर्चबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

माझ्याकडून घेतलेल्या टॉर्चवरचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी मांडल्या आहेत. डब्यावर 700 लुमेन (लुमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप) लिहिलेत, पण मिनिटभरात उजेड उतरतो. साधा पेन्सिल सेल घातला की तो आणखी मंद होतो. बॅगेत टॉर्च आपोआप लागली आणि बॅग गरम झाली. आणि मित्राकडे ‘90,000 लुमेन’ची दणकट टॉर्च असताना मी तुमच्या गळ्यात बोटाएवढी टॉर्च मारली.

बॅगेचं आधी बोलतो, कारण चार तक्रारींत तीच गंभीर आहे. या टॉर्चचं बटण बाजूला आहे आणि इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे हलक्या दाबानेही लागतं. बॅगेत एखादी वही किंवा डबा त्यावर टेकला तरी पुरतं. पूर्ण जोरावर लागलेल्या टॉर्चची काच कापडाला चिकटून राहिली तर कापड करपू शकतं, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. मागचं झाकण पाव फेरा सैल करा. आट्यांवर अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेला कडक थर असतो, त्यातून वीज वाहत नाही; झाकण पूर्ण घट्ट बसून नळीच्या कडेला टेकतं तेव्हाच सर्किट पुरं होतं. पाव फेऱ्यात तो संपर्क सुटतो, मग बटण कितीही दाबलं तरी टॉर्च लागत नाही. बंद असतानाही असं बटण सेलमधून किंचित वीज ओढत राहतं, तेही थांबतं. दर वेळी झाकण फिरवणं तुम्हाला जाचक वाटत असेल तर मागच्या टोकाला, कडेच्या आत दडलेलं खटक्याचं बटण असलेली टॉर्च तुमच्यासाठी जास्त बरी. ती बदलून द्यायला मी तयार आहे.

आता उजेड उतरण्याबद्दल. सेलमधून एलईडीकडे जाणाऱ्या विजेचा बराच मोठा भाग उष्णतेत जातो. मोठ्या टॉर्चला ती पसरवायला भरपूर धातू असतो, बोटाएवढ्या टॉर्चला नसतो. उजेड कमी केला नाही तर काही मिनिटांत टॉर्च हातात धरवणार नाही, आणि एलईडी व सेल दोघांचंही आयुष्य घटेल. म्हणून आतलं सर्किट स्वतःहून उजेड उतरवतं. टॉर्चच्या मोजमापाचं एएनएसआय एफएल1 हे मानक 2009 साली आलं. त्यानुसार लुमेनचा आकडा टॉर्च लावल्यापासून 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या दरम्यान मोजायचा असतो. ती किती वेळ चालते हे मात्र उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणजे डब्यावर ‘700 लुमेन’ आणि त्याखाली तासांचा आकडा दिसला, तर तेवढा वेळ 700 लुमेन मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. शेवटी शेवटी 70 लुमेन उरले तरी तो वेळ धरला जातो. खरेदीच्या वेळी मी तुम्हाला टर्बोऐवजी, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाच्या मोडऐवजी, मधल्या मोडचा आकडा बघायला सांगत होतो तो यासाठीच. तो मोड सेल उतरेपर्यंत जवळपास एकसारखा चालतो, आणि रोजचं काम त्याच्यावरच होतं.

पेन्सिल सेलचं गणित सोपं आहे. टॉर्चसोबत मिळालेला 14500 हा लिथियम-आयन सेल आकाराने पेन्सिल सेलएवढाच, पण त्याचा व्होल्टेज 3.7. साध्या सेलचा 1.5 आणि चार्ज होणाऱ्या निकेल सेलचा 1.2. तेवढ्या व्होल्टेजवर टर्बोचा जोर येणार नाही. पण लिथियम सेल ऐन वेळी संपला तर कुठल्याही घड्याळातला किंवा रिमोटमधला सेल काढून हीच टॉर्च चालवता येते. मला स्वतःला हा तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. फक्त अल्कलाइन सेल आत महिनोन्‌महिने ठेवू नका. तो पाझरला की आतली स्प्रिंग गंजते आणि मग चांगली टॉर्चही हकनाक जाते.

राहिली 90,000 लुमेनची टॉर्च. गाडीच्या हेडलाइटमधला 55 वॅटचा एच7 हॅलोजन बल्ब साधारण 1,500 लुमेन देतो. तसे साठ बल्ब एकत्र लावले तर 90,000 लुमेन होतील. तुम्ही टाकलेल्या फोटोत मित्राच्या टॉर्चमध्ये एकच 18650 सेल दिसतोय, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. त्यात साधारण 12 वॅट-तास ऊर्जा मावते. एलईडी प्रत्येक वॅटला 200 लुमेन देतो असं उदारपणे धरलं तरी 450 वॅट लागतील. सेलमधून जवळपास 125 अँपिअर खेचावे लागतील, आणि जास्त करंट देणारे सेलही 20-30 अँपिअरच्या आसपास थांबतात. समजा दिलेच, तरी सेल दीड-पावणेदोन मिनिटांत रिकामा होईल. तुमच्या मित्राचा यात काहीही दोष नाही. हा आकडा डब्यावर छापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यामुळे खरा आकडा छापणाऱ्याची टॉर्च ग्राहकाला कमजोर वाटते.

तरीही मित्राच्या टॉर्चचा झोत लांब जातो हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. झोत किती लांब जाईल हे लुमेनवर नाही, कँडेलावर ठरतं, म्हणजे उजेड किती अरुंद झोतात एकवटलाय त्यावर. मोठं भिंग किंवा मोठा रिफ्लेक्टर असला की ते साधतं. तुमच्या टॉर्चच्या डब्यावर 3,600 कँडेला आणि 120 मीटर लिहिलंय. त्या 120 मीटरवर पडणारा उजेड 0.25 लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथलं झाड आहे की माणूस हे नीट ओळखायचं असेल तर निम्मं अंतर धरा. 60 मीटरवर उजेड चौपट होतो. आणि पल्ला दुप्पट हवा असेल तर कँडेला चौपट लागतात, मग टॉर्चचं डोकं मोठं होतं आणि ती खिशात मावत नाही.

तुम्ही विचारताना म्हणाला होतात, “रोज खिशात राहील अशी द्या.” म्हणून मी ही पुढे केली. खिशातली टॉर्च बहुतेक वेळा हातभर अंतरावर लागते: कुलपाचं भोक, पलंगाखाली गेलेली गोळी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. त्याला 5 ते 50 लुमेन भरपूर होतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्यरात्री उठून पांढऱ्या भिंतीवर 700 लुमेन मारले की तो सराव क्षणात जातो आणि शेजारी झोपलेलं माणूसही जागं होतं. तुमच्या टॉर्चमध्ये एका लुमेनपेक्षा कमी उजेडाचा मोड आहे. टॉर्च बंद असताना बटण दाबून धरलं की ती थेट त्याच मोडवर लागते. तुमच्या अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, म्हणून एकदा करून बघा असं सुचवतो.

आणखी एक. हिचा एलईडी 4,500 केल्विनचा, म्हणजे निळसर नसलेल्या पांढऱ्या उजेडाचा आहे आणि रंग दाखवण्याचा निर्देशांक 100 पैकी 90 च्या वर आहे, म्हणजे रंग जवळपास खरे दिसतात. स्विचबोर्ड उघडून लाल वायर कुठली आणि तपकिरी कुठली हे बघताना त्याची किंमत कळते. स्वस्त टॉर्चच्या निळसर उजेडात दोन्ही वायरी सारख्याच मळकट दिसतात. त्या लुमेनने जास्त असल्या तरी तिथे उपयोग नाही.

लांबचंच बघायचं तुमचं काम जास्त असेल, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत किंवा रात्रीच्या राखणीला, तर तसं सांगा. त्यासाठी मोठ्या रिफ्लेक्टरची, हातात धरायची टॉर्च वेगळी घ्यावी लागेल आणि ती मी आनंदाने दाखवेन. ही बदलून खटक्याच्या बटणाची हवी असेल तर टॉर्च, सेल आणि चार्जिंगची वायर सोबत आणा. सेल बॅगेत पूर्ण उतरला होता, म्हणून तो पुन्हा चार्ज करायच्या आधी मला त्याचा व्होल्टेज तपासू द्या. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकून मात्र आणू नका, शॉर्ट होईल. टॉर्चमध्येच ठेवा, झाकण पाव फेरा सैल करून.