मावशीचं तोंड उघडंच राहिलं

कॉम्प्युटर आतल्या बेडरूममध्ये आणि दिवाण हॉलमध्ये, एवढंच खरं तर दुखणं. दिवसभर वाशीच्या ऑफिसात खुर्चीत बसलेला माणूस घोडबंदर रोडला घरी पोचला की पुन्हा खुर्चीत बसायला त्याची पाठ राजी नसते. त्याला आडवं व्हायचं असतं, आणि आडवं होऊन कॉम्प्युटर गेममधले राक्षस मारायचे असतात.

यावर तोड निघालेली आहे. कॉम्प्युटरवर सनशाइन नावाचा फुकट प्रोग्राम टाकायचा, हातातल्या छोट्या यंत्रावर मूनलाइट नावाचा. गेम चालतो आतल्या खोलीत. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, लगोलग दाबून लहान करतं, राउटरकडे पाठवतं, आणि ते माझ्या हातातल्या पडद्यावर उलगडतं. मी बटण दाबलं की ती खबर उलट्या वाटेने आत जाते. सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद. पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. कागदावर हे सगळं फार सुंदर आहे. कागदावर आई नसते.

भिंतीही नसतात. आमच्या टॉवरच्या सगळ्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आरसीसीच्या, वीट औषधालाही नाही. फ्लॅट दाखवणारा माणूस त्या भिंतीवर थापट्या मारून अभिमानाने सांगत होता, "सर, भूकंप आला तरी हलणार नाही." हललं तर नाहीच, पण आत-बाहेरही काही जात नाही. साधा खिळा ठोकायचा तर ड्रिलवाला लागतो. वायफायच्या 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान, पण नाजूक. पहिल्याच भिंतीशी निम्म्या गळतात आणि पुढे आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट उभं असतं. ते सरकवायचा विषय मी एकदा काढला होता. तो वर्षश्राद्धाच्या सुरात मिटवण्यात आला.

राउटर म्हणाल तर तो दाराशी, चपलांच्या रॅकवर. का, तर वायर टाकायला आलेला मुलगा म्हणाला, "सर, वायर इथपर्यंतच येते." मी 300 एमबीपीएसचा प्लॅन घेतला तेव्हा त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं होतं. त्या 300 चा इथे काडीचा उपयोग नाही. बेडरूममधून हॉलमध्ये जाणारं चित्र घराबाहेर पडतच नाही. त्याला 20-30 एमबीपीएस पुरतात. फक्त ते अखंड आणि वेळेवर यावे लागतात. आमच्या घरात अखंड आणि वेळेवर फक्त मेंटेनन्सचं बिल येतं.

मग 5 सोडून 2.4 गिगाहर्ट्‌झवर या, भिंती ओलांडते, असं सगळे सांगतात. ओलांडते, आणि पलीकडे अख्खा टॉवर भेटतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या विंगमध्ये घरटी एक राउटर. त्यात नियम असा की एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. म्हणजे सोसायटीची वार्षिक सभाच. माझ्या चित्राला बोलायची पाळी येईपर्यंत वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं प्रवचन डाउनलोड होऊन जातं.

शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात, 2.45 गिगाहर्ट्‌झवर दूध तापवतो. बायकोने दोन मिनिटं लावली की माझा योद्धा तलवार उगारून दोन मिनिटं उभा. पडद्यावर सगळंच थांबलेलं, त्यामुळे राक्षसही बिचारा ताटकळत असेल असं वाटतं. तसं नसतं. आत बेडरूममध्ये गेम चालूच असतो. टिंग वाजतं, दूध येतं, चित्रही येतं, आणि चित्रात मी मेलेला असतो.

"साखर घालू?" बायको विचारते.

पण खरा प्रसंग आईचा. रोज रात्री नऊच्या सुमारास तिचा डोंबिवलीच्या मावशीला व्हिडिओ कॉल असतो. माझं एकेक चित्र हवेतून दोनदा जातं, आधी कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत, मग राउटरपासून माझ्यापर्यंत. तेवढ्या वेळात मावशीला कुठली जागा मिळायला? आम्ही दोघं एकाच दिवाणावर, मी डोक्याकडे, आई पायथ्याशी. ती बराच वेळ फोन हलवून पाहते, मग आवाज येतो, "अरे, तुझी ती पाटी बंद कर बघू. मावशीचं तोंड उघडंच राहिलंय."

"आई, माझा पण अडकलाय."

"तुझा मेला तरी परत जिवंत होतो. तिला औषधाचं नाव सांगायचं होतं."

याला उत्तर नाही.

जाणकार एका वाक्यात सांगतात: कॉम्प्युटर लॅन वायरने राउटरला जोडा, म्हणजे हवेतली निम्मी गर्दी कमी. बरोबरच आहे. पण आरसीसीत भोक पाडायचं तर सोसायटीची परवानगी, म्हणून वायर दारातून. आणि दारातून वायर म्हटल्यावर आई म्हणाली, "पाय अडकून मी पडले की मग कळेल." शेवटी दिवाळीच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने चौकटीच्या कडेकडेने, छताखालून, पांढऱ्या केसिंग पट्टीतून वायर फिरवली. सरळ रेषेत जेवढी लागली असती त्याच्या तिप्पट लागली. पण चित्र असं वाहू लागलं म्हणता! मायक्रोवेव्ह चालू, मावशी बोलतेय, मी राक्षस मारतोय. राउटरला आतल्या खोलीचं ओझं उरलं नाही आणि दिवाणापासून तो समोरच, म्हणून 5 गिगाहर्ट्‌झही धडधाकट. माझ्या मते या देशात वायरलेस सुखाचा पाया नेहमी वायरच असते.

इथे थांबायला हवं होतं, पण लोकलमध्ये बसायला मिळतं हे माझं दुर्दैव. वाशीहून सुटणाऱ्या ठाणे गाडीत खिडकी मिळाली की वाटतं, मोबाइलच्या नेटवरून घरच्या कॉम्प्युटरला का जोडू नये? सोय आहे. मात्र तलवार तुर्भ्याला उचलली तर कोपरखैरण्याला पडते. म्हणून गाडीत आळीपाळीने चाल करायचे गेम, सिव्हिलायझेशनसारखे. 1991 पासून चालत आलेली मालिका आहे, तिला घाई कसलीच नाही. झोपलेल्या कॉम्प्युटरला त्याच लॅन वायरवरून दुरून जागं करता येतं, फक्त भिंतीवरचं बटण चालू हवं. आणि माणूस नसलेल्या खोलीतलं बटण चालू राहणं आईच्या राज्यात शक्य नाही.

घणसोलीला फोन लावला. "आई, आतल्या खोलीत कॉम्प्युटरचं बटण चालू कर ना."

"कुठलं, लाल लाइटचं?"

"हो, तेच."

"तिथे मी इस्त्री लावलीय."

"मग काढ ना थोडा वेळ."

"काढते. हा एवढा शर्ट राहिलाय."

रबाळे गेलं, ऐरोली गेलं. दिघा गावला पुन्हा लावला. "झाला का शर्ट?"

"शर्ट केव्हाच झाला. आता पँट घेतलीय. तुझीच आहे."