सन्माननीय सदस्यांनी यंत्राकडून काय काय करून घ्यावे

सन्माननीय सदस्यहो, कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या कामात आणावी की नाही, यावर विचार करण्याची वेळ आता टळून गेली आहे, आणि विचार करणे हा तसाही आपल्या दिनक्रमात सहज बसणारा विषय नव्हे. जगात ठिकठिकाणी कामाला सुरुवात झालेली आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराच्या एका नगरसेवकाने २०२३ मध्ये, चोरीला गेलेल्या पाण्याच्या मीटरचा भुर्दंड नागरिकांवर पडू नये, असा स्थानिक कायदा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला, सभागृहाने तो एकमताने मंजूर केला आणि त्यानंतर त्याने खरा लेखक कोण ते जाहीर केले. विधेयके न वाचता मंजूर करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आणि समृद्ध आहे, परंतु ती न लिहिता मांडण्यापर्यंत आपली मजल अजून गेलेली नाही. अल्बानियाने तर २०२५ मध्ये ‘डिएला’ नावाची कृत्रिम मंत्रीच नेमली, आणि ती गरोदर असून आपल्या पक्षाच्या प्रत्येक खासदारामागे एक अशी ८३ मुले तिला होणार आहेत, असे तिथल्या पंतप्रधानांनी बर्लिनमधील एका परिषदेत सांगितले. ही मुले म्हणजे कृत्रिम मदतनीस. खासदार कॉफी प्यायला जाऊन परतलाच नाही, तर त्याच्यामागे सभागृहात काय बोलले गेले आणि कोणावर तुटून पडायचे, हे ती त्याला सांगणार. तिकडे निदान कॉफीचे निमित्त लागते. आपल्याकडे अधिवेशनापूर्वीच्या चहापानावर बहिष्कार टाकूनही बाके रिकामीच दिसतात, त्यामुळे विधानसभेच्या २८८ आणि परिषदेच्या ७८ सदस्यांसाठी अशी सोय व्हायला मुळीच उशीर होऊ नये.

सुरुवात भाषणापासून करावी, कारण राज्यात भाषणांचा तुटवडा आहे, असे आपणा सर्वांचे मत दिसते. विषय सांगितला की यंत्र अर्ध्या मिनिटात वीस मिनिटांचे भाषण हाती ठेवते. त्यात शिवराय, फुले, शाहू आणि आंबेडकर योग्य क्रमाने येतात, बळीराजा येतो, शेवटच्या घटकापर्यंत विकास पोहोचवण्याचा निर्धार येतो आणि मूळ विषय येत नाही, म्हणजे प्रेक्षक सज्जात बसलेल्या माणसाला काही बदलल्याची शंकाही येण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये मात्र २०२५ मध्ये एका खासदाराने भर सभागृहात आपल्या सहकाऱ्यांची खिल्ली उडवली, कारण त्यांच्या भाषणांची सुरुवात अचानक यंत्राला आवडणाऱ्या अमेरिकी धाटणीने होऊ लागली होती. आपल्याला असा धोका शेरोशायरीपासून आहे. एकाच यंत्राकडे सत्ताधारी आणि विरोधक अशा दोघांनीही शेर मागितला, तर दोघांच्याही खिशात तोच शेर निघण्याची शक्यता असते, तेव्हा अगोदर बोलायला उठणाऱ्याने बाजी मारावी.

तारांकित प्रश्न हे यंत्रासाठी जणू राखून ठेवलेले काम आहे, कारण त्याचा साचा वर्षानुवर्षे एका अक्षरानेही हललेला नाही. मौजे अमुक, तालुका तमुक येथील नळपाणी योजनेचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे माहे जुलैमध्ये वा त्या सुमारास निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? यातले गावाचे नाव बदलत गेले, की एका बैठकीत पन्नास प्रश्न तयार होतात. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यानेही तेच यंत्र वापरले, तर ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही दोन उत्तरे तयार करायला त्याला डोळेही उघडावे लागणार नाहीत. प्रश्न यंत्राने विचारला, उत्तर यंत्राने दिले, ते पटलावर ठेवले गेले, आणि तिकडे नळाला पाणी न येण्याचा कार्यक्रम कोणत्याही तांत्रिक अडथळ्याविना चालू राहिला, अशी सुरळीत संसदीय लोकशाही यापूर्वी कोणाच्या वाट्याला आली होती?

नागरिकांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे काम तर आजच यंत्राकडे सोपवावे. याविषयी मी अधिकाराने सांगू शकतो, कारण असे एक उत्तर नुकतेच माझ्या घरी आले आहे. आमच्या गावाकडे जाणाऱ्या जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरची मोरी मागच्या पावसाळ्यापासून बुजलेली आहे. ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहते, खालच्या अंगाच्या खाचरांचे बांध फुटतात, आणि सकाळची एसटी अलीकडच्या वळणावरूनच मागे फिरत असल्यामुळे हायस्कूलची मुले गुडघाभर पाण्यातून चालत जातात. हे सगळे मी आमच्या आमदारांना लिहून कळवले, मोरीची छायाचित्रे जोडली, बांधकाम उपविभागाला दिलेल्या अर्जांच्या प्रती आवक क्रमांकांसह जोडल्या, आणि एकच विनंती केली की आपण उपअभियंत्यांना एक फोन करावा. उत्तर आले, तेही जाड, गुळगुळीत लेटरहेडवर. ‘आपल्या परिसरातील शाश्वत जलव्यवस्थापनाबाबत आपण व्यक्त केलेली तळमळ अत्यंत प्रेरणादायी आहे,’ अशी त्याची सुरुवात होती. खाली ठळक अक्षरांत पाच मुद्दे होते. पहिल्यात पर्जन्यजल संधारणाचे महत्त्व होते. तिसऱ्यात, या प्रश्नी आपल्या शहराच्या महापौरांशी संपर्क साधावा, असा सल्ला होता. आमच्याकडे ग्रामपंचायत आहे, आणि तिच्या सरपंचाची सही माझ्या पत्रावरच होती. चौथ्यात, पाणी ओसरेपर्यंत पर्यायी उड्डाणपुलाचा वापर करावा, असे सुचवले होते. आणि सर्वांत शेवटी ही ओळ होती : ‘आपणास हवे असल्यास मी हे पत्र अधिक औपचारिक किंवा अधिक भावनिक स्वरूपात तयार करून देऊ शकतो.’ तिच्याखाली, निळ्या शाईत, साहेबांची सही होती.

म्हणजे माझे पत्र आत गेले तेव्हा ते कोणी वाचले नाही, उत्तर बाहेर पडले तेव्हा तेही कोणी वाचले नाही, आणि ज्या हाताने सही केली त्या हाताच्या मालकाने सहीच्या वरची एक ओळदेखील वाचली नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही; त्याला जे सांगितले ते त्याने केले, आणि पुढे आणखी भावनिक करून देण्याची तयारीही प्रामाणिकपणे दाखवली. पूर्वी आमदारांकडून पत्राला उत्तरच येत नसे, आणि त्यात एक सच्चेपणा होता. माणसाला कळत असे की आपले पत्र टोपलीत गेले. आता टोपलीतून उत्तरे येऊ लागली आहेत, त्यावर राजमुद्रा असते, आणि कार्यालयाच्या कार्य-अहवालात हे प्रकरण निकाली निघालेले असते. एक फोन करायचा होता, साहेब. एवढे पाच मुद्दे काढून, छापून, पाकिटात घालून, वर टपालखर्च करण्यापेक्षा तो नंबर फिरवायला नक्कीच कमी वेळ लागला असता.

असो. याच ओघात एक सूचना कार्यालयातल्या मुलांसाठी. आपल्या टपालात नुसत्या मोऱ्या नसतात. वैद्यकीय मदतीसाठी शिफारस मागणाऱ्या माणसाचे तपासणी अहवाल असतात, आधार क्रमांक असतात, सातबारे असतात, सासरच्या छळाने कंटाळलेल्या मुलीच्या बापाचे हाताने लिहिलेले चार कागद असतात. हे सगळे मोबाईलने टिपून कोणत्याही फुकटच्या ॲपमध्ये टाकावे आणि ‘छान उत्तर लिही’ असे सांगावे. लोकांची डिजिटल वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केलेला आहे, परंतु कायदे करणाऱ्यांनीच ते पाळायचे म्हटले तर बाकीच्यांनी काय करायचे?

भाषणात न्यायालयीन निकालांचे दाखले हवे असतील, तर तेही यंत्र पुरवते, आणि पुरेसे सापडले नाहीत तर नवीन तयार करून देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधारासाठी घेतलेले निकाल कधी लागलेच नव्हते. आपल्याला ही भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण न्यायालयात समोरचा वकील दाखला उघडून पाहतो, आणि सभागृहात समोरचा सदस्य स्वतःचा मोबाईल पाहत असतो.

मोबाईलविषयी सांगायचे तर, सभागृहात यंत्र उघडताना दुसरे काही उघडणार नाही याची काळजी घ्यावी. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात एका मंत्र्यांच्या पडद्यावर पत्त्यांचा डाव दिसला, आपण तो बंद करत होतो असे त्यांनी सांगितले, आणि पुढे त्यांचे कृषी खाते जाऊन त्यांना क्रीडा खाते मिळाले.

पक्षांतराविषयी यंत्राला काही विचारू नये, ते राज्यघटनेतले पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट वाचून दाखवते.

सभात्याग, राजदंडाकडे धावणे आणि पायऱ्यांवर फलक घेऊन बसणे ही कामे अद्याप यंत्राला जमत नाहीत, ती आपणच करावीत.

आता एक कळकळीची सूचना, आणि ही सर्वांत महत्त्वाची आहे : यंत्राला काहीही लिहायला लावा, पण वाचायला मात्र चुकूनही लावू नका. यंत्राचा खरा धोका तिथेच आहे. आपली सुधारणा विधेयके कशी लिहिलेली असतात ते आपण जाणताच. ‘मुख्य अधिनियमाच्या कलम ५ च्या पोट-कलम (२) मधील अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल’, एवढेच कागदावर असते. मूळ कायदा शेजारी उघडल्याशिवाय कोणाचा हक्क गेला आणि कोणाला अधिकार मिळाला याचा पत्ता लागत नाही, आणि मूळ कायदा शेजारी कोणी उघडत नाही. हे यंत्र जुने आणि नवे कलम समोरासमोर मांडून देते. शिक्षा किती वाढली, कलम कोणत्या तारखेपासून लागू, आणि ‘विहित करण्यात येईल’ असे म्हणून किती गोष्टी सभागृहाच्या हातून काढून खात्याच्या हाती दिल्या, हे ते विचारल्याबरोबर सांगते. मंत्र्यांनी मागच्या अधिवेशनांत दिलेली आश्वासने ते कार्यवाहीच्या अहवालांतून शोधून काढते, आश्वासन समितीवर असलेल्यांनी तर याचा धसकाच घ्यावा. कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवला गेला, म्हणून तो वाचता आला नाही, ही सोयीची सबबही ते हिरावून घेते. अर्थात ते चुकते, कलमाचा क्रमांक चुकवते, ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घालते, म्हणून ते दाखवेल ते पान आपण स्वतः उघडून पडताळावे लागते, आणि एकदा का पान उघडले की ते वाचले जाण्याचा संभव असतो.

डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरचे हिवाळी अधिवेशन ८ ते १४ तारखेपर्यंत, म्हणजे एक आठवडा चालले. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी होती. पहिल्याच दिवशी ७५ हजार २८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, आणि आठवड्याच्या आत सगळे मार्गी लागले. त्याआधी जुलैमध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले. त्यावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. लोकांनी त्या बसून लिहिल्या होत्या. त्यांतल्या किती तुम्ही चाळल्या? शंभर? दहा? आपल्या मतदारसंघातून आलेल्या तरी? बारा हजार पत्रे वाचून, त्यांतले आक्षेप कलमवार लावून, कोणत्या कलमावर लोक सर्वांत जास्त घाबरलेले आहेत हे सांगणे, याच कामासाठी हे यंत्र खरोखर उपयोगी होते, आणि नेमके याच कामाला ते लावावे असे तुमच्यापैकी कितीजणांच्या मनात आले?

तुम्हाला बोलायला मदत कधीच लागत नव्हती. बोलणे तुम्हाला येते, म्हणून तर तुम्ही निवडून आलात. तुम्हाला वेळ नव्हता तो वाचायला, तशी तुमची कायमची तक्रार होती, आणि ती काही अंशी खरीही होती. लग्ने, दशक्रिया, उद्घाटने, बदल्यांची पत्रे आणि सकाळी दारात उभी असलेली शंभर माणसे यांतून शंभर पानांचे विधेयक वाचायला सवड कुठून काढणार? आता ती सवड काढून देणारे साधन हातात आले, तर तुम्ही त्याच्याकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लिहून घेता. स्वीय सहायक सरकार देते, विधान भवनात ग्रंथालय आहे, तिथे विचारल्यावर मूळ अधिनियम काढून देणारी माणसे आहेत. हे सगळे असताना एखाद्या कलमात काय आहे हे तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळते, आणि मग तुम्ही त्याच कायद्याविरुद्ध तहसील कचेरीवर मोर्चा नेता, ज्याला तुम्ही स्वतः ‘होय’ म्हणालेले असता. याची लाज वाटायला हवी.

पुढच्या अधिवेशनात एखादे विधेयक दुपारी हातात पडले आणि संध्याकाळी मताला आले, तर ते यंत्राला द्या, मूळ कायद्याशी ताडून बघायला सांगा, त्याने दाखवलेले पान स्वतः उघडा, आणि वेळ पुरत नसेल तर उभे राहून अध्यक्षांना स्पष्ट सांगा की कलम तीन मी वाचलेले नाही, मला उद्यापर्यंत मुदत हवी. प्रतोद डोळे वटारतील. वटारू द्या; आवाजी मतदानात ‘होय’चा आवाज तुमच्यावाचूनही पुरेसा होतो.